डावीकडे ओढणारी गाडी

सेनगावकडच्या आमच्या पांदणीत पिकअप उंच केल्याशिवाय भागत नाही. दोन चाकोऱ्यांमधला मातीचा उंचवटा गाडीचं पोट घासतो, म्हणून जो तो चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतो. मीही घेतले. गाडी वीतभर वर आली, सोयाबीनची पोती घेऊन शेतातून डौलात निघाली आणि डांबरी रस्त्याला लागताच डावीकडे ओढायला लागली. तेव्हापासून मी स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरू लागलो. संध्याकाळी जेवताना खांदे इतके भरून यायचे की भाकरी मोडायचाही कंटाळा यायचा.

तेही सोसलं असतं. पण एकदा औंढ्याच्या रस्त्यावर पुलाजवळच्या खड्ड्यात पुढचं चाक आदळलं, स्टेअरिंग हातात थडथडलं आणि गाडी बाभळीत शिरली. कुणाला लागलं नाही. शेजारी बसलेली बायको खाली उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, “आता मी न्हाई बसत हिच्यात. येष्टीनं जाते.”

मला वाटलं, दोन दिवसांचा राग असेल. पण ती औंढ्याला गुडघ्याच्या डॉक्टरकडे खरंच एसटीनं जाऊ लागली. जागा मिळाली तर बसून, नाहीतर दुखऱ्या पायांवर उभी राहून. आणि मी, दारात गाडी असलेला नवरा, रिकामी पिकअप घेऊन एसटीच्या मागे मागे. कशाला जायचो, ते मलाही धड सांगता येणार नाही. गावात हसायचे. हसोत. मला मात्र फार वाईट वाटायचं.

अलाइनमेंट किती वेळा केली! चार दिवस बरं चालायचं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. टायरची एकच बाजू झिजायची. शेवटी हिंगोलीतला एक मिस्त्री गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, “मामा, नुसती चाकं सरळ करून काय व्हतंय? गाडी वर गेली अन् स्टेरिंगची दांडी तिरपी झाली. खड्डा आला की दांडीच चाकाला वढती!” त्यानं दांडी खाली घेतली, पाट्यांखाली पाचरी घातल्या, सैल झालेले सांधे बदलले. वर म्हणाला, “आता पोती भरून आणा. रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं?” पोती भरून पुन्हा गेलो. काय करता? पाटे चढवणारा फक्त पाटे चढवतो. पुढचं ज्याचं त्यानं निस्तरायचं.

गाडी सरळ झाली. बायकोला म्हणालो, “एकदा बसून तर पाहा.” ती बसली, पण दाराची मूठ घट्ट धरून. मोकळा रस्ता लागला आणि गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागली. समोरून येणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला.

“थांबवा,” ती म्हणाली. मी थांबवली. ती उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

माझा अगदी धीर सुटला. स्टेअरिंगवर हात तसेच होते, आणि तेव्हा दिसलं की उभ्या गाडीतही मी उजवीकडे दाबून राहिलोय. “गाडी न्हाई वढत,” मी म्हणालो, “मीच वढून राहिलो. हाताला सवय पडली.”

मागून एसटी येत होती. ड्रायव्हर तिला ओळखत असावा. त्यानं आपणहून गाडी हळू केली. मी दुसरीकडे पाहत बसलो.

बायकोनं त्याला हातानंच ‘जा’ म्हटलं. एसटी धूळ उडवत निघून गेली. मग गुडघ्यावर हात टेकत ती पुन्हा वर चढली आणि दार लावून घेतलं.

“चला,” ती म्हणाली. “हात ढिला सोडा. तुमी उजवीकडं गेले की मी सांगते.”