यंदा खांड बुजवायची नाही

आमच्या गावाला शेती नाही, पण शेताचा बांध आहे. कोपरखैरण्याच्या इमारती संपवून खाडीकडे उतरलं की आमची खालची आळी लागते. आळीमागे जुनी खाचरं आणि त्यापलीकडे खाडीचा मातीचा बांध. या खाचरांत माझ्या आजोबांनी भात पिकवला. मग जमिनी गेल्या, शहर आलं, खाचरांत खारफुटीची तिवरं उगवली. तरीही दर उन्हाळ्याच्या शेवटी घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर जायचा आणि भरतीने पाडलेलं भगदाड, म्हणजे खांड, चिखलाने बुजवून यायचा. कशासाठी? तर खारं पाणी भातात शिरू नये म्हणून! भात कुठाय, असं विचारायची कुणाची टाप नव्हती, कारण या कामाचे पुढारी माझे थोरले काका होते.

खांड बुजली की तिवरांना भरतीचं पाणी मिळेना. ती सुकून काटक्या व्हायची. खाचरातला ओढा गाळाने भरून गेला होता. हल्ली पाऊस पडत नाही, ओततो, आणि ते सगळं पाणी बांधाआड तुंबून आमच्या घरात शिरायचं. मग आई पलंगावर स्टोव्ह घेऊन बसायची आणि मी गुडघाभर पाण्यात उभी राहून सगळ्या जगाला शिव्या घालायची. माझा नवरा घरजावई, देशावरचा माणूस. त्याने शेवटी सांगून टाकलं, "आणखी एकदा पाणी आलं की खांदेश्वरला फ्लॅट. मला हे टेन्शन नको." त्याचं चुकत नव्हतं, याचाच मला जास्त राग यायचा. आई म्हणाली, "तुमी जा. मी हितंच हाय." म्हणजे पाणी आलं की माझं घर दोन ठिकाणी फुटणार, हे ठरलेलं होतं.

त्या वर्षी गावात लग्नांची रांग लागली. हळद म्हणजे आमच्यात लग्नाहून मोठं प्रकरण. एक हळद संपायच्या आत दुसरीचा मांडव, बँजो, नाच. बाप्ये मंडळी नाचून इतकी थकली की बांधाचं काम राहूनच गेलं. एका सकाळी मी परसदारी गेले तर ओढा वाहत होता. भरती त्या खांडीतून आत येत होती, ओहोटी गाळ घेऊन बाहेर जात होती. मेली समजलेली तिवरं पोपटी पालवीने भरली होती. चिखलात निवट्या, म्हणजे बोटभर मासे, उड्या मारत होत्या. आईने त्या बघितल्या आणि लगेच कालवणाची भाषा सुरू केली.

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. भरतीची आत यायची जी वाट, तीच तुंबलेल्या पावसाच्या पाण्याची बाहेर जायचीही वाट होती.

लग्नं उरकली तशी काकांनी हाक दिली. आमच्या घरातून मी गेले. घमेलं खांडीच्या काठावर पालथं घातलं आणि त्यावर बसले.

"उठ पोरी," काका म्हणाले.

"काका, यंदा खांड बुजवायची नाही."

"खारा पानी आत घ्यायचा? येड लागलाय तुला? आपल्या बापजाद्यांनी जलमभर तेच अडवलान."

"त्यांचा भात होता. आपलं काय आहे? पहिलं पाणी माझ्याच घरात शिरणार ना? मग मला बघू द्या!"

माझा आवाज चढला होता. सगळे बाप्ये फावडी टेकून काकांच्या तोंडाकडे बघत राहिले. काकांनी एका हिरव्या तिवराची पालवी चिमटून बघितली. मग म्हणाले, "यंदाचा एक पावसाला. पानी शिरला तर पयला घमेला तुझ्या डोक्यावर."

तो दिवस श्रावणात आला. सकाळपासून मुसळधार, त्यात उधाणाची भरती. नवऱ्याने कामावर दांडी मारून कपाटातलं सामान वर चढवलं. खाचरं काठोकाठ भरली. पाणी आमच्या पायरीला लागलं, मग दुसऱ्या पायरीला. काका मोडलेली छत्री घेऊन आमच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. लाटा बांधावर आपटायच्या आधी तिवरांतच मोडत होत्या, तेवढा एक धीर.

दुपारी भरती थांबून ओहोटी लागली. पाऊस मात्र कोसळतच होता. एरवी याच वेळी पाणी उंबरा ओलांडायचं. आम्ही सगळे पायरीकडे टक लावून बसलो. आधी पायरीची कड दिसली, मग अख्खी पायरी. आळीतून कुणीतरी ओरडलं, "उतरला रे!" आणि बाया भर पावसात बाहेर आल्या. हळदीत नाचतात तशा नाचल्या. मीही नाचले, रडत रडत. नवऱ्याने सामान खाली काढायला घेतलं. आईने त्याला आधी चहा दिला.

संध्याकाळी काका एकटेच बांधावर गेले. मी मागोमाग गेले. खांडीतून खाडीचं पाणी घोंघावत बाहेर चाललं होतं. जन्मभर ज्याला अडवलं त्या पाण्याला काकांनी हात जोडले आणि निघालेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले, "ये हां परत."