वासूच्या गाडीचं सील

गाड्यांच्या डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. गळणाऱ्या गाडीखाली आम्ही पुठ्ठा टाकतो. थेंब पडताना कोणी बघत नाही, पण सकाळी पुठ्ठा भिजलेला असतो. किस्स्यांचंही तसंच. नागपुरात इतवारी बाजाराच्या मागच्या गल्लीत मी आणि माझा भागीदार वासू हेच काम करता करता म्हातारे होत आलो. लोकांना वाटतं, सगळे हसायचे किस्से असतील. काही आहेत.

*

इतवारीतले एक भांड्यांचे व्यापारी. गाडीचा पंप गळायला लागला तेव्हा शेठनी फटीत कपडे धुण्याचा साबण दाबून बसवला. इंजिन तापलं की साबण ओघळायचा, शेठ पुन्हा नवा लावायचे. शेवटी गाडी भर रस्त्यात बंद पडली आणि ओढून आमच्या दारात आली.

"काल तर बरी होती," शेठ म्हणाले.

वासूनं साबणाचा लगदा खरवडून त्यांना दाखवला. "शेठ, पंप गळूनच राहिला होता. तुम्ही फक्त त्याले आंघोळ घालून राहिले होते."

शेठ हसले नाहीत. घाई आहे म्हणाले. वासूनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांची गाडी घेतली. हातातलं काम म्हणजे त्याची स्वतःची गाडी!

*

वासूची गाडी म्हणजे एक जुनी डिझेल गाडी. दुकानासमोर कायम उभी, पंप गळका. त्याच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, आई माहेरी पारशिवनीला अंथरुणाला खिळलेली होती. तिला नागपूरला आपल्या घरी आणायचं, एवढंच वहिनींचं मागणं. म्हातारीला बसमध्ये बसवत नव्हतं. गाडीच हवी होती.

आता आमची गळती शोधायची पद्धत ऐका. पंप पुसून कोरडा करायचा, वर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि इंजिन चालू करायचं. पावडर जिथं भिजली, तिथं गळती. एकदा दुकानातला डबा संपला म्हणून वासूनं घरून वहिनींचा उचलून आणला. थोड्या वेळानं वहिनी दुकानात हजर.

"माझा पावडरचा डबा कुठी आहे?"

वासूनं एका गिऱ्हाइकाच्या इंजिनाकडे बोट दाखवलं.

"लोकाच्या गाडीले पावडर लावता," वहिनी म्हणाल्या, "आन आपल्या गाडीले फडकं बी मारत नाही."

गिऱ्हाईक खो खो हसलं. वासूही हसला. मला काही हसू आलं नाही, कारण वहिनी हसत नव्हत्या.

*

बरं, सामान आणत नव्हता असं नाही. पंपाच्या शाफ्टवरचं सील, म्हणजे गळती अडवणारं रबरी कडं, गेलं होतं, एवढाच रोग. वासू नवं सील आणायचा, आणि नेमका कोणीतरी अडलेला यायचा.

एकदा वऱ्हाडाची गाडी आली. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "भाऊ, नवरदेव आत बसून आहे. तिकडं मंडप भरला."

वासूनं खिशातलं सील काढलं आणि त्याच्या पंपात घातलं. नवरदेव मुंडावळ्या सावरत खाली उतरला आणि वासूच्या पाया पडला. पारशिवनीची म्हातारी तिकडं दाराकडे डोळे लावून होती, पण ती कुठं येऊन पाया पडणार होती?

"आपली गाडी?" मी विचारलं.

"आज होते," वासू म्हणाला. त्याचं हे 'आज' कधी उजाडलंच नाही.

*

मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला असलेला वहिनींचा भाचा एकदा दुकानात येऊन म्हणाला, "मावसाजी, मी टॅक्सी करून देतो. आजीले उद्याच घेऊन येऊ."

वासू भडकला. "पंपवाल्याच्या घरी भाड्याची गाडी? माझ्या दुकानावर उद्या कोण गाडी आणीन? त्याईले मी माझ्याच गाडीत आणतो."

"इज्जत ठेव ना गा बाजूले," मी म्हणालो. "म्हातारी थांबीन का तुझ्यासाठी?"

"तू पंप खोल," वासू म्हणाला.

समोर गिऱ्हाइकाचा पंप होता. मी खोलला. भाचा गेला. वासूचा मला तेव्हा राग आला होता, आणि अजूनही येतो.

म्हातारी शेवटी पारशिवनीतच गेली. वहिनी निरोप आल्या आल्या बसनं निघाल्या. आम्ही दुकान बंद करून मागच्या बसनं पोचलो.

*

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे म्हातारीसाठीच्या बुद्धवंदनेला, पुन्हा पारशिवनीला जायचं होतं. त्या सकाळी वासूनं शटर अर्धंच उघडलं. दारात आलेलं गिऱ्हाईक, आयुष्यात पहिल्यांदा, परत पाठवलं. पंप उतरवला, सील बदललं, पंप चढवला. पुसून पावडर भुरभुरली, इंजिन चालू केलं. पावडर कोरडी राहिली.

वहिनी पांढरं लुगडं नेसून आल्या तेव्हा आमचा दुपारचा चहाही व्हायचा होता.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. थेंब नाही आता."

"काय झालं होतं तिले?"

वासूनं जुनं सील तळहातावर धरून दाखवलं. "हे गेलं होतं."

वहिनी त्या सीलकडे बघत राहिल्या. "एवढंच होतं?"

वासूनं गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. "बस वं."

"मी बसनं जाते," वहिनी म्हणाल्या. "मले सवय आहे."

त्या खरंच बसनं गेल्या. आम्ही दोघं गाडी घेऊन त्या बसच्या मागे. बस थांबली की आम्ही थांबायचो, बस सुटली की आम्ही सुटायचो. मागची सीट अख्खी रिकामी.

पारशिवनीला उतरल्या उतरल्या वासू गाडीखाली वाकला. हात फिरवून बघितला, बोटं हुंगली.

"कोरडी आहे गा," तो मला म्हणाला.

वहिनी तोवर गर्दीतून घराकडे निघून गेल्या होत्या.