पश्चिमेची भिंत

पाटणच्या वर, घाटाच्या अंगाला असलेल्या वाड्यांत पश्चिमेच्या मातीच्या भिंतीला फार जपावं लागतं. पावसाची झड तिच्यावरच येते, आणि तीही दोन-दोन महिने, आडवी. म्हणून मृगाच्या आधी त्या भिंतीला बाहेरून गवताच्या ताट्या बांधायच्या, दसरा झाला की सोडायच्या आणि भिंतीला पोटभर ऊन खाऊ द्यायचं, अशी तिकडची रीत. नाथाजीच्या घरी हे काम थोरला भाऊ ज्ञानू करायचा. बायको लवकर गेलेली, एकुलती लेक अंजना पलूसला दिलेली. चार गुरं आणि ही भिंत एवढाच त्याचा संसार. बांबूच्या कामट्यांत तो गवत असं दाबून बसवी की आत थेंब म्हणून यायचा नाही.

नाथाजी त्र्याहत्तर साली पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनवर आला. माणूस वाईट नव्हता, पण घरी आलेल्या हवालदाराला चार दिवसांत हुकूम सोडायला कोणीतरी लागतं. त्यानं साताऱ्याहून ट्रकात घालून पत्रे आणले, भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि पट्ट्यांवर पत्रे. गाव बघायला जमलं. ज्ञानूनं एवढंच विचारलं, की दसऱ्याला हे सोडायचं कसं? नाथाजी हसला. सोडायचं कशाला, म्हणाला, पक्कं काम आहे. आणि ताट्या आता लागणार नाहीत म्हणून त्यानं त्या मोडून आंघोळीच्या चुलीत घातल्या. ज्ञानू त्या दिवशी आंघोळ न करताच गुरं घेऊन गेला. ते फक्त नाथाजीच्या बायकोच्या, राहीबाईच्या लक्षात आलं.

पहिला पावसाळा झोकात गेला. दुसऱ्या पावसाळ्यात मधला एक पत्रा वाऱ्यानं धाडधाड वाजायला लागला. नाथाजी घोंगडी पांघरून शिडीवर चढला आणि त्यानं लांब खिळे मारले. आठ दिवसांनी पत्रा पुन्हा सुटला, त्यानं आणखी लांब मारले. एकेका घावात खिळा आत जात होता आणि गडी खूश होता, की हात अजून बसलेला आहे. खिळा एवढ्या सुखानं आत जातो, त्या अर्थी आत त्याला धरणारं काही उरलेलं नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही.

ज्ञानू खाली उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "नाथा, ठोकू नगंस रं. पाऊस सरला की पत्रा उचकट आन् भितीला ऊन दाव."

"दादा, तुमी गवताचं बघा," शिडीवरूनच नाथाजी म्हणाला. "लोखंडाचं मला कळतंय."

घरात आता ताटीची काडी उरली नव्हती. दिवाळी झाल्यावर लेकीकडं ऊसतोडीच्या दिवसांत हाताखाली माणूस लागतंय, असं सांगून ज्ञानू पलूसला गेला. तोडी संपल्या, मृग आला, तो आला नाही. राहीबाई म्हणाली, जाऊन घेऊन या. नाथाजी म्हणाला, येतील की, कुठं जातात.

त्या तिसऱ्या पावसाळ्यात भिंत आतून ओली दिसायला लागली. नाथाजीनं तिच्यावर सिमेंट फासलं. दसऱ्यानंतर एकदाचा त्यानं तो सैल पत्रा उचकटला, तर पट्टी वाळवीनं भुसा केलेली आणि मागची भिंत हातानं काढावी एवढी मऊ. बाकीचे पत्रे काढता काढता अर्धी भिंत पडवीत बसली. ज्ञानूचं बाजलं तिथंच असायचं. तो गेला म्हणून वाचला, असं राहीबाईच्या तोंडून निघालं आणि नाथाजीला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं पलूसला गेला. वाटभर त्यानं एकच वाक्य घोळवलं होतं, की दादा, मी चुकलो, घरी चला. अंजनाच्या अंगणात ज्ञानू वैरण तोडत बसला होता. थकलेला दिसत होता. नाथाजी समोर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "दादा, भित पडली. आता कसं करायचं?"

ज्ञानूनं हातातलं ठेवलं आणि सांगायला लागला. माती कुठली आणायची, किती दिवस भिजवायची, गवत कधी कापायचं, कामट्या कुठून फोडायच्या, गाठ कोणत्या बाजूला घ्यायची. मधेच उठून त्यानं चार चिपाडांची एवढीशी ताटी बांधून दाखवली आणि नाथाजीकडून दोनदा बांधून घेतली. जन्मात तो एवढा बोलला नसेल. नाथाजीच्या मनावरचं ओझं उतरलं. दादा येणार असंच तो धरून चालला, म्हणून घोळवलेलं वाक्य त्याला बोलावंसंही वाटलं नाही.

दुपारी ज्ञानू त्याला स्टँडवर सोडायला आला, तेव्हा हातात पिशवी नव्हती. नाथाजीनं विचारलं, "तुमची कापडं?"

"मी कशाला?" ज्ञानू साधेपणानं म्हणाला. "समदं सांगितलंय की तुला. आता माजं काय काम हाय तिथं?"

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. राग असता तर पाय धरता आले असते. भाऊ भिंतीचं विचारायला आला, असंच ज्ञानू समजला होता. आणि नाथाजीनं विचारलंही तेवढंच होतं. गाडी हलली तशी तो खिडकीतून काहीतरी म्हणाला. ज्ञानूला वाटलं, गाठीचंच विचारतोय. त्यानं हात वर करून बोटांनी पुन्हा एकदा गाठ घेऊन दाखवली.