चपलांची राखण

नवऱ्याची बदली जयपूरला झाली आणि सामानाचे खोके पुरते उघडायच्या आत मी काम शोधलं. रिकामी बसले की मी घरातल्यांच्या डोक्यावर बसते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वैशाली नगरातल्या एका दवाखान्यात दर बुधवारी दमा असलेल्या मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचं काम मिळालं. औषध डॉक्टर देणार. ते घ्यायचं कसं, दम वाढतोय हे आधी ओळखायचं कसं आणि तेव्हा घाबरून न जाता काय करायचं, हे मी शिकवायचं.

शिकवायचं कसलं, भांडायचंच! कुणी तोंडाने ओढायचा दम्याचा पंप अत्तरासारखा हवेत उडवायचं. कुणी जरा बरं वाटलं की तो कपाटात टाकून मोकळं व्हायचं. मी साताऱ्याची, आवाज मुळातच मोठा. माझी पोरगी म्हणते, ‘मम्मी, तू समझाती है की डाँटती है?’ मी म्हणते, दोन्ही.

पुढच्या खुर्चीत एक आजी बसायच्या. सगळे त्यांना माँसा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. त्या पंप घ्यायच्या तो ओढणी तोंडावर ओढून, आत लपून. लोक बघतात म्हणे!

“माँसा, औषध छातीला द्यायचंय, ओढणीला नाही,” मी एकदा ओरडलेच. सगळा वर्ग हसला आणि सगळ्यांत जास्त माँसाच हसल्या. पण ओढणी काही वर गेली नाही.

होळीच्या आधी एका बुधवारी त्यांनी मनातलं सांगितलं. होळीनंतरच्या अष्टमीला चाकसूच्या डोंगरावर शीतलामातेची जत्रा भरते. त्यांचं सगळं घर जातं. पण नेमका तेव्हाच दम लागायचा, म्हणून गेली काही वर्षं माँसा डोंगराच्या पायथ्याशीच बसायच्या, घरच्यांच्या चपला राखत. यंदा घरात नात आली होती. तिला मातेच्या पायांवर घालायचं होतं.

“मी चढले नाही तर विहीणबाई घालतील,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. “त्यांनी तयारीसुद्धा केलीय.”

मला त्या न पाहिलेल्या विहीणबाईंचा असा काही राग आला की विचारू नका.

“पण दरवर्षी नेमका तेव्हाच दम का लागतो?” मी विचारलं.

“बासोडा ना,” असं वर्गातले सगळे एकदमच बोलले. त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी केलेलं गार अन्नच खायचं. ताकात शिजवलेली बाजरीची थंड राबडी, गुळाचे तळलेले थंड पुए. थंड खाल्लं की छाती भरणारच, यावर सगळ्यांच्या माना हलल्या.

माझी एक सवय आहे. दम लागला असं कुणी म्हटलं की मी त्याच्या आदल्या दिवसाचं सगळं विचारते. माँसांनी सांगितलं. सकाळपासून खिडकी लावलेल्या स्वयंपाकघरात त्या कढईपुढे बसायच्या, सगळ्या खानदानाचे पुए आणि पापड्या तळायला. संध्याकाळपर्यंत छाती घट्ट व्हायची आणि मग उशीला टेकून बसूनच राहायच्या.

“थांबा,” मी टेबलावर हात आपटला. “म्हणजे थंड खायच्या आधीच दम लागलेला असायचा?”

 माँसा दोन्ही कान पकडून म्हणाल्या, “हे राम! तेलाच्या धुराचा आळ मी मातेच्या राबडीवर घेतला!”

त्या दिवशी वर्ग हसून हसून इतका दमला की मलाच सगळ्यांना सावकाश श्वास सोडायला सांगावं लागलं.

मग आम्ही कंबर कसली. रोजचा पंप रोज, बरं वाटलं तरीही. घराच्या जिन्यावर थांबत थांबत चढायचा सराव. डॉक्टरांनीही त्यांना तपासून होकार दिला. तळणाच्या दिवशी कढई गेली गच्चीवर आणि कढईपुढे बसला त्यांचा मुलगा. त्याचे पुए म्हणे वाकडेतिकडे झाले. व्हायचेच!

अष्टमीला त्यांनी मलाही गाडीत घातलं. पायथ्याशी पोचल्यावर मी पदर खोचला, तर माँसांनी मला अडवलं.

“मॅडमजी, तुम्ही खाली बसा.”

“मी? का म्हणून?”

“तुम्ही बरोबर असलात की मी तुमच्या तोंडाकडे बघणार. मला माझ्या छातीकडे लक्ष द्यायचंय.” आणि हसून म्हणाल्या, “शिवाय चपला कुणीतरी राखायला हव्यात.”

खोचलेला पदर मी सोडला. मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही! बसले चपलांच्या ढिगापाशी. पिवळ्या ओढणीतल्या माँसा गर्दीत दिसेनाशा झाल्या आणि माझा जीव टांगणीला लागला. उतरणाऱ्या प्रत्येक पिवळ्या ओढणीकडे मी मान वळवत होते. दोनदा उठले आणि दोनदा स्वतःलाच दटावून खाली बसवलं.

शेवटी त्या दिसल्या. नात कडेवर, कपाळावर टिळा, ओढणी पार मागे टाकलेली. मागून विहीणबाई, लालबुंद, धापा टाकत.

“घातली पायांवर! माझ्या हातांनी!” माँसा लांबूनच ओरडल्या.

“आणि पंप?”

“चढायच्या आधीच घेतला, डॉक्टरांनी सांगितला तसा. सगळ्यांच्या समोर. वाटेत थांबले तर विहीणबाई म्हणाल्या, दम लागला वाटतं. मी म्हटलं, नाही, दम लागू नये म्हणून थांबलेय. तुम्हीही बसा.”

विहीणबाईंना हसू आवरेना. जिचा राग यावा अशी बाई नव्हतीच ती.

सगळ्यांनी ढिगातून आपापल्या चपला घातल्या. माँसांच्या काही सापडेनात. शोधाशोध सुरू झाली, मीही वाकून शोधायला गेले आणि हातातून काहीतरी खाली पडलं. कप्पाळ माझं! इतका वेळ त्यांच्या चपला मी पोटाशी धरून बसले होते.

माँसांनी त्या पायांत सरकवल्या आणि नातीला माझ्याकडे देत म्हणाल्या, “पुढच्या वर्षी तुम्ही चढा हो. मी शिकवेन.”