फाटकातला रिकामा क्रेट

आशिल दहूकला तळघरांचा वीट आला होता. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या खेड्याखेड्यांत स्टीनाकर कारखान्याची बिअर घरोघर पोचवण्यात त्याचा जन्म गेला. फाटकाशी रिकामा क्रेट दिसला की ट्रक थांबवायचा, मागल्या दाराने न विचारता आत शिरायचं, भरलेला क्रेट तळघरात उतरवायचा आणि रिकाम्या बाटल्या वर आणायच्या. वर आल्यावर चुलीवरच्या किटलीतली कॉफी प्यावीच लागे. नाही म्हटलं की घरधनीण रुसलीच. फाटकाशी क्रेट नसला तर थांबायचं नाही. गुडघ्यांची पार वाट लागली होती, आणि निवृत्त झालो की एकाही जिन्याचं तोंड बघायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

बिअर मात्र नावाजलेली हो! थोरल्या स्टीनाकरने गोठ्याशेजारी भट्टी लावली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी तांब्याच्या कढया उपटून नेल्या, तरी पठ्ठ्याने ती पुन्हा पेटवली. पाहुण्यांसाठी सोनेरी, महिनोन्‌महिने मुरवलेली तांबूस, मार्चमध्ये वसंताची, नाताळला काळी. आणि रोजच्या जेवणाला पातळ, सौम्य 'घरगुती', जी पोराटोरांनाही मिळायची. पुढे एका बड्या कंपनीने कारखाना घेतला आणि पहिली कुऱ्हाड घरगुतीवर घातली. "असलं मुळमुळीत आता पितं कोण?" नवा साहेब म्हणाला.

कोण पितं म्हणे! बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलींच्या मळ्याकडेला एकटी राहणारी म्हातारी झेली बोकार दुसरं काही तोंडाला लावत नव्हती. तिला सांगायला आशिलची जीभ रेटेना. मग गड्याने भलताच उद्योग केला. घरी जुन्या बाटल्यांत तांबूस बिअर ओतायची, पाणी घालायचं, जळक्या साखरेचा पाक घालायचा, बूच लावायचं आणि दर गुरुवारी घरगुती म्हणून तिच्या तळघरात नेऊन ठेवायचं. बाटल्या रिकाम्या होत होत्या. म्हातारी खूश आहे, असं तो समजून चालला.

निवृत्तीआधीचा शेवटचा गुरुवार आला. त्याच्या जागी कुणी येणार नव्हतं, कंपनीने घरपोच माल देणंच बंद केलं होतं. आज खरं बोलायचंच, असं ठरवून तो झेलीच्या चुलीपाशी टेकला.

"झेलीबाई, ही बिअर घरगुती नाहीये."

"मग मला काय चव कळत नाही होय रे?" तिने त्याच्या कॉफीत दारूचा थेंब टाकला. "पहिल्या घोटालाच थुंकले. कुत्र्यानेसुद्धा हुंगलं नसतं."

"अहो, मग बाटल्या रिकाम्या कशा व्हायच्या?"

"कोबीच्या वाफ्यात थाळ्या भरून ठेवायचे. गोगलगायी बुडून मरतात बिअरीत. यंदा कोबी बघ कसा आलाय!"

आशिल ओशाळला. मग त्याला रागच आला. "कंबर मोडेस्तोवर वाहिले मी ते क्रेट! एका शब्दाने सांगायचं होतं की!"

"सांगितलं असतं, तर आला असतास?"

आशिलने कॉफी संपवून कप पुढे केला. म्हातारी कप विसळत राहिली, त्याच्याकडे तिने पाठच केली होती.

"आता या दाराने कुणी येणार नाही," ती म्हणाली. "पुढच्या दाराने तो पाद्री येतो. त्याच्याशी काय बोलू?"

आशिल उठला. खूप थकला होता तो. घरी जाऊन त्याने बूट काढले आणि आता कुणी बोलावलं तरी उठायचं नाही, असं बायकोला बजावलं.

पुढच्या गुरुवारी तो पाव आणायला सायकलवरून निघाला. मळ्याच्या वळणावर झेलीचं घर दिसलं, आणि फाटकाशी रिकामा क्रेट. बाटल्या धुऊन ओळीने लावलेल्या.

"खट आहे म्हातारी!" आशिल करवादला. "काय आणून देऊ आता हिला?"

त्याने सायकल कुंपणाला टेकवली, गुडघे चोळले आणि तो मागल्या दाराने आत शिरला. टेबलावर दोन कप मांडलेले होते.