दादा जेवला नाही

‘‘कशाला बोलीवलंस त्येला?’’ दादा माझ्याशी शेवटचं बोलला ते एवढंच. मिरजेच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर. त्याचा एकुलता एक मुलगा विकास नुकताच कोरियाहून येऊन पायाशी उभा होता, खांद्यावरची बॅगसुद्धा त्यानं उतरवली नव्हती. दादानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, हे विचारलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर तो होता, पण बोलला नाही. त्याच आठवड्यात गेला. त्याला आता दीड महिना होत आला. लोक भेटायला येतात, ‘सुटला बिचारा’ म्हणतात आणि मी मान हलवते. पण खरं सांगायचं तर मला अजून त्याचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं शेजारच्या काकू मला समजावतात. सख्ख्या भावावर नाही रागवायचं तर कुणावर रागवायचं?

आमचं गाव आटपाडीच्या पुढं, कुसळांच्या माळावर. आम्ही धनगर. आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, जन्मभर मेंढरं राखली आणि दादानंही पुढं तेच केलं. नंतर शेततळं झालं, डाळिंबाची बाग आली, तरी दहा-बारा मेंढरं त्यानं शेवटपर्यंत ठेवली होती. लोकर कातरायला बसला की बघत राहावं, कातर नुसती अंगावरून घसरत जायची आणि मेंढरू डोळे मिटून पडून राहायचं. वहिनी गेल्यापासून तो गावी एकटाच असायचा. मी सांगलीला ये म्हटलं की म्हणायचा, ‘‘तुज्या त्या फ्लॅटात मेंढरं कुठं बांदू, ग्यालरीत?’’ बोलण्यात त्याला कुणी हरवू शकत नसे. आणि बिरोबाच्या जत्रेत चुलवणापाशी त्याची जागा दुसऱ्या कुणाची नसे. जत्रेचं मटण आमच्याकडं पुरुषच शिजवतात. जो चुलीपाशी उभा असेल तो सगळ्यात शेवटी जेवतो, आणि तोवर त्याला कुणी ‘जेव की’ असा आग्रहसुद्धा करायचा नाही. केला तर तो अपमान समजतात. आम्ही हे लहानपणापासून पाहत आलो, त्यामुळं त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही.

गेल्या दिवाळीनंतर विकासचं कोरियाला जायचं ठरलं. तो पुण्यात एका कोरियन कंपनीत इंजिनियर. कंपनी त्याला काही वर्षांसाठी तिकडं पाठवणार होती, बायको रेश्मा मागून जाणार होती. निघण्याआधी त्यानं आम्हा दोघांना पुण्याला बोलावून घेतलं आणि ‘मी तिकडं काय खाणार ते तरी बघून घ्या’ म्हणत एका कोरियन हॉटेलात नेलं. टेबलाच्या मधोमध खड्डा, त्यात रसरशीत निखारे, वर जाळी आणि छतातून डोक्यावर आलेलं धुराचं नळकांडं. भोवती बारक्या वाट्यांची दाटी... आंबवलेला तिखट कोबी, मुळा, मोड, कच्चा लसूण, टोपलीत धुतलेली हिरवी पानं. मटण मात्र कच्चंच आणून ठेवलेलं. आपलं आपण भाजायचं असतं, हे कळल्यावर मी म्हटलं, ‘‘म्हंजे हाटेलात यायचं आणि सैपाक बी आपुनच करायचा?’’ दादाला इतकं हसू आलं की ठसका लागला. तो ठसका बराच वेळ गेला नाही. रेश्मानं पाणी दिलं, ते त्यानं चमच्यानं प्यावं तसं थोडं थोडं घेतलं. मग टेबलावर चिमटा आणि कातर आली. मटण कापायला कातर! दादाचा चेहरा असा उजळला की विकासला फार बरं वाटलं. बापाला इथं अवघडल्यासारखं होईल, ही धास्ती त्याच्या मनात होती. दादानं शर्टाच्या बाह्या सारल्या, पट्ट्या जाळीवर अंथरल्या आणि त्या कातरीनं असे सारखे तुकडे पाडले की पलीकडच्या टेबलावरची पोरं खाणं थांबवून बघायला लागली.

पहिले तुकडे तयार झाले तेव्हा मालकीणबाई स्वतः आल्या. कोरियनच होत्या, माझ्याच वयाच्या. दादापुढं कमरेत वाकल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. विकासनं सांगितलं, ‘‘आप्पा, यांच्यात मोठ्या माणसानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही. तुमच्यासाठी थांबल्यात त्या.’’ सगळं टेबल दादाच्या घासासाठी थांबलं होतं. त्यानं एक पान तळहातावर घेतलं, बाईंनी दाखवलं तसा तुकडा आणि लसूण ठेवून घडी केली. ती घडी क्षणभर तशीच हातात धरली... आणि मग विकासच्या तोंडात भरवली. ‘‘मोठा मानूस मी हाय न्हवं? मग मी म्हंतो, पयला घास ह्येचा.’’ बाईंनी टाळ्या वाजवल्या. विकासचे डोळे भरून आले. रेश्मानं त्या क्षणाचा फोटो काढला, तो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरला. त्या फोटोत आम्ही सगळे तोंड उघडून हसतोय आणि दादाचं तोंड मिटलेलं आहे.

नंतर रेश्मानंही त्याला खायला लावायचा एकदा प्रयत्न केला. ती रत्नागिरीकडची, तिला आमची रीत ठाऊक नाही. ‘‘आप्पा, आता तुम्ही घ्या ना, मी भाजते,’’ म्हणून तिनं चिमट्याला हात घातला. दादानं चिमटा मागं घेतला. ‘‘आमच्यात इस्तवापाशी हुबा ऱ्हातो त्यो मागनं जेवतो, पोरी. तुजी सासू असती तर तिनं तुला सांगितलं असतं.’’ सासूचं नाव निघाल्यावर ती बिचारी काय बोलणार? आणि मला, काय सांगू, अभिमान वाटला. पुण्याच्या चकचकीत हॉटेलात, परक्या माणसांपुढं माझ्या भावानं बिरोबाच्या माळावरची रीत मोडली नाही, असं मला वाटलं. शेवटी निखारे विझत आले तेव्हा त्यानं वाटीभर गरम पाणीदार सार प्यायलं, वाफवलेलं अंडं दोन चमचे खाल्लं आणि ‘वासानंच प्वाट भरलं’ म्हणाला. आम्ही हसलो. दादाच तो, काहीतरी बोलायचाच.

उन्हाळा सरता सरता तो सांगलीला माझ्या दारात उभा राहिला तेव्हा अंगातला शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. ताटात भाकरी वाढली, तर त्यानं ती दुधात कुस्करली, मग आणखी दूध घातलं, मग नुसतं वरचं दूध पिऊन ताट सरकवलं. मी त्याला धरून मिरजेला नेलं. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती फार पुढं गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठं दाखवलं नव्हतं का? दादा छताकडं बघत राहिला. संध्याकाळी खोलीत आम्ही दोघंच असताना त्यानं मला सगळं सांगितलं. घास अडकायला लागून वर्ष झालं होतं. आटपाडीच्या डॉक्टरांनी त्याला दुर्बीण घालून तपासून घे म्हणून सांगितलं होतं, तेही विकासचं कोरियाचं पक्कं व्हायच्या आधी. म्हणजे त्या हॉटेलात तो जाळीपुढं बसला होता तेव्हा त्याला गिळता येत नव्हतं. आणि ही गोष्ट त्यानं आमच्याच रीतीच्या आड लपवली.

मी भडकले. दवाखाना आहे हेही विसरले. ‘‘पोरगं थांबलं असतं तर काय आभाळ कोसळनार हुतं?’’

‘‘थांबलं असतं म्हनूनच न्हाई सांगितलं.’’ मग म्हणाला, ‘‘मी मिलटरीच्या भरतीत पास झाल्तो, ठावं हाय न्हवं तुला? आबा आजारी पडलं आणि मी ऱ्हायलो. आबांस्नी कवा एका शब्दानं बोललो न्हाई, शाले. पर मनातनं त्यास्नी कवा माफ बी केलं न्हाई. माझ्या पोरानं माझ्याकडं तसं बघाय नगं हुतं.’’

मी त्याच्या पाठीला पाठ लावून वाढलेली बहीण, पण हे मला माहीत नव्हतं. आबांच्या अंथरुणाशी तो वर्षानुवर्षं बसला, त्यांचं सगळं काढलं. गावात त्याचं उदाहरण देत, मीही देत असे. त्या सगळ्या काळात त्याच्या आत हे साचत होतं, आणि आम्ही त्याला गुणी म्हणून मोकळे होत होतो. विकासला कळवायचं नाही म्हणून त्यानं मला शपथ घातली, माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मी शपथ घेतली, बाहेर जिन्यात आले आणि विकासला फोन लावला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. ‘कशाला बोलीवलंस’ हा त्याचा शब्द मला टोचतो, रोज टोचतो, तरीही नाही.

दिवसकार्य झाल्यावर विकास माझ्याकडं येऊन बसला. डोळे कोरडे होते त्याचे. म्हणाला, ‘‘आत्या, जायचं का थांबायचं हे मी ठरवलं असतं ना. त्यांनी मला विचारायला पाहिजे होतं. आता मी सगळा जन्म त्यांच्यावर चिडूनच काढायचा का?’’ ज्या गोष्टीला दादा भ्याला, ती अशी दुसऱ्या दारानं घरात आली. दादा चुकला असं मला वाटतं. पण आबांबद्दलचं त्याचं बोलणं आठवलं की वाटतं, त्याच्या जागी मी काय केलं असतं... पुन्हा राग येतो, पुन्हा जीव तुटतो. हे असंच चाललंय.

विकास परत गेला. तिकडून रेश्मा सांगते, तो नीट जेवत नाही. परवा मी दुपारचा चहा टाकला होता आणि त्याचा व्हिडिओ कॉल आला. ऑफिसच्या लोकांनी जबरदस्तीनं जेवायला नेलं होतं, तसल्याच हॉटेलात. मागं धूर, हसण्याचे आवाज. वयानं लहान म्हणून भाजायचं काम त्याच्याकडं आलं होतं. ‘‘आत्या, मघापासून नुसतं भाजतोय,’’ तो हळू आवाजात म्हणाला, ‘‘सगळ्यांना वाढतोय. माझा घास काही तोंडाकडं जाईना.’’

माझं डोकंच फिरलं. गॅस बंद केला. ‘‘चिमटा ठेव खाली,’’ मी म्हटलं. ‘‘मोबाइल समोर टेकव. घास घे. न्हाई, सगळ्यांचं होऊ दे म्हनू नकोस, आदी तू खा.’’

त्याच्या शेजारचे दोघं-तिघं मोबाइलमध्ये वाकून बघायला लागले. त्यानं पानात तुकडा ठेवला, घडी केली, तोंडात घातली. खूप वेळ चावत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिकडं मी लक्ष दिलं नाही. मी फक्त त्याचा गळा बघत होते. घाटी वर आली, थांबली, खाली गेली.

‘‘उतरला का?’’

‘‘उतरला.’’

‘‘आता दुसरा घे,’’ मी म्हटलं.