निळी बाटली, पिवळी बाटली

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की काहीही गिळायचं नाही. घोट तोंडात घ्यायचा, जिभेवरून सगळीकडे फिरवायचा, नाकातून श्वास सोडायचा आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायचा. मग साध्या पाण्यानं चूळ, चार मुरमुरे आणि पुढचा पेला. मला इतका आनंद झाला होता की मी पहिला पेला सरळ पिऊनच टाकला. पुण्याला अन्नतंत्रज्ञान शिकताना माझ्या वाट्याला सगळं उकळणं, मोजणं आणि काचेची भांडी धुणं आलं होतं. इथे झाशीत, घरापासून गाडीनं थोड्या अंतरावर, कुणीतरी मला चव घेण्याचा पगार देणार होतं.

शहराबाहेर बिजौलीतला हा कारखाना छोटासाच. मालकांच्या वडिलांच्या काळापासून इथे गुलाबाचं आणि खसचं, म्हणजे वाळ्याचं, सरबत बनायचं. पण आता चौकाचौकातल्या पानाच्या टपरीवर काचेचे फ्रिज आले होते आणि त्यात रंगीबेरंगी एनर्जी ड्रिंकची रांग लागलेली असे. ट्रकवाले, कोचिंगला जाणारी पोरं, रात्रपाळीचे कामगार, सगळे तेच उचलायचे. मालकांना वाटू लागलं होतं की आपणही त्यात उतरायचं. मी त्यांना भैयाजी म्हणायचे. ते पन्नाशीचे, घाईचे, आणि स्वप्नं मोठ्यानं बोलून दाखवणारे गृहस्थ होते. ते म्हणाले की पेय निळं हवं. का निळं, तर लांबून दिसतं म्हणून.

चव ठरवायला एकट्या माणसाची जीभ पुरत नाही. चार-सहा जणांचं मंडळ लागतं आणि त्यासाठी कुणाला फरक कळतो ते आधी तपासावं लागतं. त्याची रीत सोपी आहे. तीन पेले ठेवायचे, दोन सारखे आणि एक किंचित वेगळा. वेगळा ओळखायचा. मी आठवडाभर कारखान्यातल्या सगळ्यांना तीन-तीन पेले पाजले. मुनीमजींना सगळेच सारखे लागले. भैयाजींना सगळेच छान लागले.

त्याच आठवड्यात माझी आत्या कारखाना बघायला आली. आत्या आमच्याकडेच, सिविल लाइन्समध्ये राहते. लग्न केलं नाही. मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवायची, तरुणपणी स्वतः हॉकी खेळायची. निवृत्त झाल्यापासून तिचा रिकामा दिवस भरून काढताना घरातल्या आम्हा सगळ्यांची दमछाक व्हायची. मी कुठे आणि कसलं काम करते, हे स्वतः पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना. ती खुर्चीवर बसली, समोरचे तीन पेले बघितले आणि न विचारता एक-एक करून पिऊन टाकले.

"हा मधला मचूळ लागतोय," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की मधल्या पेल्यात आंबटपणा थोडा कमी आहे, तोच तिला जाणवला असेल. ती म्हणाली की आंबट कमी हे तर आहेच, पण पाणीही मचूळ आहे. मी तपासलं. बाकीचे दोन पेले सकाळच्या ताज्या पाण्यात केले होते आणि मधला आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्यात. हे मी स्वतः केलं होतं आणि विसरले होते.

मी भैयाजींना धावत जाऊन सांगितलं. त्यांनी आत्याला हात जोडले, बुआजी म्हणाले आणि मंडळात यायची विनंती केली. आत्यानं विचार करते असं म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन ती फाटकापाशी उभी होती.

थुंकायला मात्र ती तयार होईना. तोंडात घेतलेलं अन्न थुंकायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. आम्ही त्या दिवशी कॅफीनचं वेगवेगळं प्रमाण घातलेले नमुने चाखत होतो. मी तिला तीनदा बजावलं आणि ती तीनही वेळा गिळून मोकळी झाली. संध्याकाळी घरी आले तर दाराखिडक्यांचे पडदे धुऊन दोरीवर टाकलेले, शिवणयंत्राला तेल घातलेलं, आणि आत्या फोनवर गुरसरायच्या त्या चुलत भावाशी बोलत होती ज्याच्याशी तिचा अबोला होता. चांगला तासभर बोलली. फोन ठेवून मला म्हणाली, "तुझं ते औषध जोरदार आहे ग." पुढच्या दिवसापासून ती थुंकू लागली, पण भिंतीकडे तोंड करून.

मंडळात आता आम्ही पाच जण झालो होतो आणि आमची खरी अडचण शब्दांची होती. लोक पेला चाखून म्हणायचे, मज़ा नहीं आया. कशाची मजा, कुठे गेली, ते सांगता येत नसे. आत्याकडे मात्र शब्दच शब्द. तुरट, उग्र, मिळमिळीत, आंबूस, ओशट, चरचरीत. ती मराठीत बोलायची, मी हिंदीत करायला जायचे आणि मध्येच अडकायचे, कारण मिळमिळीतला मला हिंदी सापडेना. शेवटी मी नाद सोडला. प्रत्येक शब्दासाठी एक नमुना तयार करून सगळ्यांना चाखायला दिला. हे बघा, हे तुरट. हे मचूळ. महिन्याभरात बुंदेली बोलणारे लोक पेला तोंडाला लावून गंभीरपणे म्हणू लागले, "थोड़ा मिळमिळीत है मैडम." ळ त्यांना जमायचा नाही, मिलमिलीत व्हायचं. मला हसू यायचं आणि अंगावर काटाही यायचा. आमच्या घरात चार माणसं बोलतात ती भाषा, पुण्यात मैत्रिणी माझ्या ज्या मराठीला हिंदी मराठी म्हणून हसायच्या ती भाषा, बिजौलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागली होती.

निळं पेय तयार झालं. दिसायला अप्रतिम. चव म्हणाल तर आधी ढीगभर गोड, मग काहीतरी फळासारखं जे कुठलंच फळ नव्हतं, आणि घोट गेल्यावर कॅफीनचा कडवटपणा जिभेच्या मुळाशी रेंगाळायचा. जीभ निळी व्हायची ती वेगळीच. भैयाजी आरशात स्वतःची जीभ बघून खूश झाले होते.

मला वेगळंच करायचं होतं. झाशीचा मे महिना ज्यानं अनुभवला आहे त्याला नुसतं चेतवणारं पेय पुरत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे जातं, ते परत देणारं काहीतरी हवं. मी उकडलेल्या कैरीचा गर घेतला, सैंधव, थोडं आलं, भाजलेलं जिरं, आणि वर मोजून पोटॅशियमचा क्षार. क्षारामुळे ते आत्याच्या भाषेत उग्र लागू लागलं. गूळ घातला, उग्रपणा थोडा लपला पण पूर्ण गेला नाही. रंग मात्र पिवळाधमक आला. मला ते आवडायचं. आपण केलेलं आपल्याला आवडतंच, हे मी तेव्हा लक्षात घेत नव्हते.

मंडळाची मतं काही इकडे, काही तिकडे पडली. भैयाजी निळ्यावर अडून बसले, मी पिवळ्यावर. आमचा आवाज चढायला लागला तशी आत्या म्हणाली की खोलीत बसून घोट घोट चाखणारी माणसं आणि तहानलेली माणसं यात फरक असतो. तिच्या ओळखीच्या मैदानावर रोज सकाळी मुलींचा हॉकीचा संघ सराव करतो. कॉलेज संपवून नोकरीला लागलेल्या, चांगल्या धट्ट्याकट्ट्या मुली. त्यांनाच विचारू.

आदल्या दिवशीच मी बाटल्या बर्फात लावल्या. परीक्षेच्या निकालालाही मी इतकी उतावीळ झाले नव्हते. सकाळी भैयाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. आत्यानं पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. आम्ही मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली टेबल मांडलं, एकीकडे निळ्या बाटल्या, दुसरीकडे पिवळ्या, लेबल कशावरच नाही. आत काय आहे, कॅफीन कशात आहे, हे मी मुलींना नीट सांगितलं आणि म्हटलं की दोन्ही चाखून बघा, जे आवडेल ते प्या.

सराव संपला आणि त्या आल्या. मुरमुरे नाहीत, चूळ नाही, श्वास सोडणं नाही. नुसत्या तुटून पडल्या. मी डोळे फाडून बघत होते. कोणता हात कुठे जातो, पहिल्या घोटाला भुवया वर जातात की आक्रसतात. सुरुवातीला निळ्या बाटल्या भराभर उघडल्या गेल्या आणि भैयाजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग पिवळ्या उघडल्या गेल्या आणि मी त्यांच्याकडे बघितलं. मग दोन्हीकडचं पिणं एकदम थांबलं. मुली टेबलापासून लांब जाऊन गवतावर घोळका करून बसल्या आणि काहीतरी करू लागल्या. त्यांच्या हातांत काय चाललंय ते मला दिसेना.

मी जवळ गेले. त्यांच्या कप्तान मुलीनं आपली पाण्याची मोठी बाटली रिकामी केली होती आणि तीत एका हातानं निळं, दुसऱ्या हातानं पिवळं ओतत होती. आत हिरवंगार काहीतरी तयार झालं होतं. ती बाटली हातोहात फिरत होती.

"दीदी, नीली वाली बहुत मीठी है, और पीली में नमक ज़्यादा है," ती म्हणाली. "तो हमने मिला ली. बुरा मत मानना."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या महिन्यांची मेहनत आणि या पोरींनी दोन्ही एकात ओतून टाकली. पण तिनं बाटली पुढे केली होती, म्हणून मी एक घोट घेतला.

तो घोट मी अजून विसरलेले नाही. कैरीच्या आंबटपणानं कॅफीनचा कडवटपणा पार झाकून टाकला होता. निळ्याच्या गोडीनं माझ्या क्षाराचा उग्रपणा गिळला होता. आल्याचा चटका शेवटी येत होता, अगदी हळू, आणि त्यानंतर तोंड स्वच्छ. मी पुस्तकात वाचलेलं सगळं, कडूला आंबट कसं दाबतं आणि खारटाला गोड कसं, माझ्या जिभेवर एकदम खरं झालं होतं. मी बाटली घेऊन मैदान तुडवत धावत सुटले, थेट टेबलापाशी.

आत्यानं घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. बाटली भैयाजींकडे दिली. भैयाजींनी आधी रंगाकडे बघितलं, मग चाखलं, मग उभ्या उभ्या सगळी बाटली संपवली. रुमालानं तोंड पुसून म्हणाले, "मैडम, गाड़ी निकालिए, फ़ैक्टरी चलते हैं."

पुढचं काम सोपं नव्हतं. मैदानावर जे पाच मिनिटांत प्यायलं जातं ते बाटलीत महिनोन्महिने टिकलं पाहिजे. आमचं हिरवं पेय दोन दिवसांत शेवाळी व्हायला लागलं, गर तळाला बसायचा, वर निळा रंग तरंगायचा. गर गाळून बघितला तर चव गेली. बारीक करून बघितला तर चव राहिली पण रंग मातकट आला. अखेर मी भैयाजींना सांगितलं की निळा रंग काढावा लागेल. ते तडक उठून घरी गेले. दुसऱ्या सकाळी स्वतःच येऊन म्हणाले की ठीक आहे, पण झाकण निळं असेल. मी लगेच कबूल केलं. कॅफीन आम्ही बरंच कमी केलं आणि लहान मुलांनी पिऊ नये ही सूचना आत्यानं ठळक अक्षरात छापून घेतली. बारीक अक्षरात छापायचं तर न छापलेलं बरं, असं तिनं छापखान्यातल्या माणसाला सुनावलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर पहिला माल बाहेर पडला. झाशीतली काही दुकानं, काही ढाबे, इतकाच पसारा. त्या दिवशी मी आणि आत्या स्टेशनच्या बाजूला कामाला गेलो होतो. एका दुकानाच्या फ्रिजमध्ये मला आमच्या बाटल्या दिसल्या आणि मी आत्याला गाडीत बसवून उगाचच दुकानासमोर जाऊन उभी राहिले.

एक माणूस मोटारसायकलवरून उतरला. तोंडाला गमछा, शर्ट पाठीला चिकटलेला. फ्रिज उघडून त्यानं थोडा वेळ बघितलं आणि आमची बाटली काढली. त्यानं झाकण उघडलं, मोठा घोट घेतला, थांबला. बाटली डोळ्यांसमोर धरून फिरवून बघितली. मग उरलेली सगळी एका दमात संपवली.

मला राहवेना. मी विचारलं, "कैसा है, भैया?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न आहे. "ठंडा है," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

मी हसत गाडीत येऊन बसले आणि आत्याला सांगितलं. तिनं काच खाली केली आणि तो गेला त्या दिशेला बघत विचारलं, "पण संपवली ना सगळी?"

"सगळी," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.